चौतीस किलोची मुलगी, साडेआठ किलोची सॅक

कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून राजमाचीच्या गडाकडे निघालं की कोंढाणे लेणी मागे पडतात आणि झाडीतली वाट एकदम उभी होते. त्या चढावर एका दगडापाशी ती सॅकसकट खाली बसली. सातवीतली मुलगी, अंगाने किरकोळ, कसलीही तक्रार न करणारी. तेव्हाही काही बोलली नाही. नुसती घामाने भिजून बसली होती, आणि दोन्ही हातांचे अंगठे खांद्यावरच्या पट्ट्यांखाली घालून पट्टे वर उचलून धरले होते. मी सॅक काढून घ्यायला गेले तर ओझ्याने माझाच हात खाली गेला. टी-शर्टची कड जरा बाजूला झाली तेव्हा तिच्या खांद्यावर दोन लाल वळ दिसले.

सॅक तिथेच दगडावर उघडली. एक सोलापुरी चादर अंथरायला, एक पांघरायला. कापसाची छोटी उशी. टर्किश टॉवेल. जादाची जीन्स. स्टीलच्या दोन बाटल्या, स्टीलचा दोन पुडांचा डबा, शाम्पूची अख्खी बाटली आणि घरी लाइट गेल्यावर लावतात ती मोठी चार्जिंगची बॅटरी. घरच्यांनी प्रत्येक वस्तू मायेने घडी घालून ठेवली होती. आणि यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीत होती. ‘अंथरूण-पांघरूण, टॉवेल, जादा कपडे, डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, बॅटरी.’ आईवडिलांनी यादी तंतोतंत पाळली होती. चूक माझीच होती.

चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या वसाहतीतल्या मुलांना घेऊन मी तोवर येऊरच्या पायथ्याला, उपवनच्या तळ्याभोवती अशी फिरत असे. सकाळी जायचं, दुपारी घरी. पाठीवर पाणी आणि खाऊ एवढंच. रात्रीच्या मुक्कामाला पहिल्यांदाच निघालो होतो आणि मुक्कामाची यादी मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या आठवणीतून लिहिली होती. तेव्हा आम्ही अठरा-वीस वर्षांचे होतो, वाट्टेल ते ओझं उचलायचो. बारा वर्षांच्या पाठीचा हिशेब वेगळा असतो हे त्या दगडावर बसलेल्या मुलीकडे बघून कळलं. उरलेला चढ तिची सॅक आम्ही तिघांनी आळीपाळीने नेली. गडाखालच्या उधेवाडी गावात पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता.

ठाण्याला परतल्यावर तिच्या आईला विनंती केली, सॅक होती तशी पुन्हा भरून द्या. ती घेऊन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे आकड्याला लटकवायचा काटा आहे. जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यांमध्ये उभं राहून काकांनी सॅक आकड्याला अडकवली. ८ किलो ४०० ग्रॅम. “पेपर असते तर दोन महिन्यांचे झाले असते,” ते म्हणाले. मग मुलीला घरच्या वजनकाट्यावर उभं केलं. ३४ किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाचा चौथा हिस्सा पाठीवर घेऊन ती राजमाची चढत होती. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे, आणि ते सपाट रस्त्यावरून शाळेत जायचं दप्तर. डोंगरात मुक्कामाला जायचं तर थोडं जास्त लागणारच. मी तेव्हापासून पाणी धरून पंधरा टक्के ही हद्द ठरवली आहे. ३४ किलोच्या मुलीला ५ किलो. त्यात २ लिटर पाणी, म्हणजे सरळ २ किलो, गेलं की हातात उरतात ३ किलो. तीन किलोंत एक रात्र बसवायची, हे कोडं मी त्या दिवसापासून सोडवत आले आहे.

सगळ्यात आधी एक वही घातली. दिसेल ती वस्तू काट्यावर ठेवायची आणि ग्रॅममध्ये लिहायची. स्वयंपाकघरातला छोटा काटा त्या महिनाभर जेवणाच्या टेबलावरच होता. वही भरत गेली तसं लक्षात आलं, की आपल्या घरात हलक्या वस्तू आधीपासून आहेत, फक्त प्रवासाला निघताना आपण ‘चांगल्या’ म्हणून जड वस्तू काढतो. टर्किश टॉवेल अर्धा किलोचा आणि ओला झाला की दुसऱ्या दिवशीही ओलाच. आजोबांचा पंचा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, सॅकवर टाकून चालत राहिलं तर तासाभरात कोरडा. जीन्स सहा-सातशे ग्रॅम, ट्रॅकपँट तिच्या निम्म्याहून कमी. स्टीलची एक लिटरची जाड बाटली रिकामीच चारशे ग्रॅम भरली. विकतच्या पाण्याची रिकामी बाटली तीस ग्रॅमच्या आत. आमच्याकडे आता सगळी मुलं अशा धुतलेल्या बाटल्या नेतात आणि त्याच बाटल्या परत घेऊन येतात. डोंगरात टाकलेली बाटली दिसली तर तीही उचलून आणतात.

अंथरुणाचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. दोन चादरी मिळून अडीच किलोंच्या पुढे, आणि डिसेंबरात राजमाचीच्या पठारावर पहाटे दव असं पडतं की चादरीची वरची बाजू ओली होते. सुती कापड एकदा ओलं झालं की ऊब देत नाही आणि लवकर सुकतही नाही. स्लीपिंग बॅग घ्यायची ठरवल्यावर दुकानात दोन प्रकार दाखवले. एक पक्ष्यांच्या पिसांची, मुठीत मावेल इतकी लहान होणारी, अतिशय हलकी आणि महाग. दुसरी पॉलिस्टरच्या तंतूंची, जरा फुगीर, किलोभराची. मी दुसरी घेतली, आणि नुसती किंमत बघून घेतली असं नाही. पिसांची ऊब ती फुललेली असतात म्हणून असते. दवाने भिजली की ती चिकटून बसतात आणि ऊब जाते. कृत्रिम तंतू ओले झाले तरी बऱ्यापैकी फुललेले राहतात. हिमालयातल्या कोरड्या थंडीचं गणित सह्याद्रीच्या दमट हवेला लावू नये. शिवाय मुलं स्लीपिंग बॅग कशीही कोंबतात, चहा सांडतात, आणि पॉलिस्टरची बॅग घरच्या घरी धुता येते.

पण एकाच बॅगेत दर वेळी वेगळं मूल झोपणार, तर स्वच्छतेचं काय? त्यावर आमच्या वसाहतीतल्या एका आजींनी उपाय काढला. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या. साडी दुहेरी घातली, खालून आणि एका बाजूने शिवून टाकली की आत शिरायची खोळ तयार. प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या साडीची खोळ आणायची, बॅगेच्या आत घालायची, घरी येऊन धुवायची. बॅगेच्या आत असल्याने तिला दव लागत नाही. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्या पहिल्या मुलीची खोळ तिच्या पणजीच्या इरकली लुगड्याची आहे. दोन्ही बाजूंना काठ तसाच ठेवलाय, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात त्या लाल काठातून फक्त तिचं नाक बाहेर दिसतं.

खाली घालायच्या कॅरीमॅटचंही असंच. फोमची साधी सहा फुटी मॅट हलकीच असते, तरी मुलांना सहा फूट कशाला? डोक्यापासून गुडघ्याखालपर्यंत मॅट आणि पायांखाली रिकामी सॅक, एवढं त्यांना पुरतं. आम्ही मॅटी साडेचार फुटांवर कापल्या. उरलेल्या तुकड्यांच्या बसायच्या चौकोनी गाद्या झाल्या, थंड कातळावर जेवायला बसताना त्यांचं मोल कळतं.

तंबूबद्दल मुलांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. मुलांना तंबू हवाच असतो. साधा दोन माणसांचा घुमटाकार तंबू अडीच-तीन किलोंचा, त्यात तीन बारकी मुलं मावतात. दांड्या एकाकडे, आतला भाग दुसऱ्याकडे, वरचं पावसाळी आवरण तिसऱ्याकडे असा वाटून नेला तर माणशी किलोभर पडतं. मला स्वतःला ताडपत्री आवडते. जांभळी नाक्याच्या बाजारात ताडपत्री घ्यायला गेलात तर जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. बारा बाय पंधरा फुटांची ताडपत्री साधारण पावणेसतरा चौरस मीटर भरते. ९० जीएसएमची असेल तर दीड किलो, २०० ची असेल तर सव्वातीन किलोंच्या वर. दुकानदार ‘टिकाऊ आहे’ म्हणून जाड गळ्यात मारतो, ती ट्रकवर टाकायला ठीक. आपल्याला दोन झाडांमध्ये दोरी बांधून वर टाकायची आहे, तिला पातळ पुरते. तिच्याखाली सहा मुलं झोपतात, वारा खेळता राहतो आणि पहाटे तंबूच्या आत श्वासाची वाफ थंड कापडावर जमून ठिबकते ते होत नाही. मात्र पालकांना, विशेषतः मुलींच्या, चेन लागणारा तंबू बघून धीर येतो, आणि विंचू-किड्यांचीही काळजी असते. म्हणून दोन्ही नेतो. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत घालायचा नाही, हे मात्र दोन्हीकडच्यांना सक्तीचं.

स्वयंपाकाचं सामान आम्ही नेतच नाही. कर्जत लोकलने जायचं तर गॅसची टाकी, रॉकेल, स्पिरिट न्यायला रेल्वेची बंदी आहे, ती पाळायलाच हवी. आणि उधेवाडीतल्या घरात चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा मिळत असताना ठाण्याहून पातेली वाहून न्यायची कशाला? आदल्या दिवशी फोन करून आकडा सांगितला की पानं वाढलेली असतात. ते पैसे गावात राहतात. मुलांना भाकरी थापताना बघायला मिळते. आमच्या सॅकमध्ये फक्त वाटेचा खाऊ असतो: गूळ-शेंगदाणे, खजूर, लाह्यांचा चिवडा, दशम्या. संत्र्यांना मात्र मी वहीतून सूट दिली आहे. संत्रं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, वजनाच्या हिशेबात ते बसत नाही. पण चढाच्या मध्यावर घामेजलेल्या हातांनी सोललेलं संत्रं मुलं ज्या चेहऱ्याने खातात, तो चेहरा मला काट्यावर ठेवता येत नाही.

काही वस्तूंना मी कात्री लावू देत नाही. उबदार जाकीट, डोक्याला लावायची छोटी बॅटरी, शिट्टी, दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं. मार्चनंतर गडावरची टाकी आटतात, तेव्हा पाणी वाढवावं लागतं आणि मग वजन हद्दीबाहेर जातं. म्हणून मार्चनंतर मुलांना घेऊन मुक्कामी जात नाही. प्रथमोपचाराची पेटी एकच, माझ्याकडे. पॉवर बँक एकच. टूथपेस्ट तीन मुलांत एक. पहिल्या सहलीत चौदा मुलांकडे मिळून चौदा पेस्ट, चौदा साबण, अकरा शाम्पू होते, एका रात्रीसाठी. हे वहीत लिहिताना माझ्या ध्यानात आलं, की महागडं सामान न घेता जेवढं वजन उतरतं त्यातला मोठा भाग या वाटून घेण्यातून उतरतो.

आणि इथे मला एका मुलाबद्दल सांगायचं आहे.

तोही तेव्हा सातवीत होता. उपवनच्या फेऱ्यांना सगळ्यांत पुढे असायचा, येऊरमधल्या पक्ष्यांची नावं त्याच्याइतकी कुणालाच येत नसत. राजमाचीला आला नाही. ‘गावाला जायचंय’ म्हणाला. पुढे सहा-सात महिन्यांनी त्याची आई भाजीच्या गाडीवर भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, “ताई, तुमच्या यादीतलं निम्मं सामान आमच्याकडे नव्हतं. मागायला त्याला लाज वाटली. मीच म्हटलं, राहू दे या वर्षी.” वडील रिक्षा चालवतात, ती दोन घरी पोळ्या करते. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी हातातली कोथिंबीर तशीच धरून उभी होते. ज्या यादीने एका मुलीच्या खांद्यावर वळ उठवले होते, त्याच यादीने एका मुलाला घरी बसवलं होतं, आणि मला इतके महिने पत्ताही नव्हता.

हलक्या सामानाचं एक दुखणं आहे. जितकं हलकं तितकं महाग. एका मुलाकडे दुबईहून आणलेलं पिसांचं जाकीट आणि नव्या फ्रेमची सॅक, दुसऱ्याकडे मामाची जुनी शाळेची बॅग. दोघं एकाच वाटेने चढतात आणि एकाचा चढ दुसऱ्यापेक्षा अवघड असतो, तेही त्याच्या वडिलांच्या कमाईमुळे. मुलांच्या सहलीत मला हे अजिबात चालत नाही.

१९५५ साली अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजी अ‍ॅपलाशियन ट्रेल ही सव्वातीन हजार किलोमीटरांहून लांब वाट एकट्या चालून गेल्या. पाठीवर काय, तर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, एक घोंगडी, पाऊस आला तर बाथरूमचा प्लॅस्टिकचा पडदा, पायात कॅनव्हासचे बूट. ही गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. पण त्यांना वारी जास्त कळते. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर पायी जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावर पडशी आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद असतो, कारण राहुट्या, भांडी, शिधा दिंडीच्या ट्रकमध्ये असतो. एकेकट्याने सगळं उचललं असतं तर पहिल्या मुक्कामालाच गाडं अडलं असतं.

त्या वर्षी गणपतीच्या मंडळाकडे वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक राहिले होते. मीटिंगमध्ये मी उभी राहिले, वही उघडून दाखवली आणि सॅकची मागणी केली. चर्चा बरीच झाली. नवीन साउंडसाठी ठेवावेत असं काहींचं म्हणणं होतं. शेवटी मंडळाच्या खजिनदारांनीच, जे कधी कुठलाही डोंगर चढलेले नाहीत, बाजू घेतली. आता आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखालच्या कपाटात पंधरा एकसारख्या सॅक आहेत, तितक्याच स्लीपिंग बॅग, कापलेल्या मॅट, डोक्याच्या बॅटऱ्या. यादी आता तीन ओळींची आहे: ट्रॅकपँट आणि घरातले गरम कपडे, पंचा, साडीची खोळ. बाकीचं कपाटातून. ज्यांच्याकडे स्वतःची भारी सॅक आहे त्यांनीही कपाटातलीच घ्यायची. दुबईच्या जाकीटवाल्या मुलाच्या आईला हे आधी रुचलं नव्हतं, पण तो मुलगाच तिला समजावून आला.

सॅक निवडताना आम्ही कप्पे मोजले नाहीत. कमरेचा पट्टा बघितला. मुलाने मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडापर्यंत पाठीची लांबी टेपने मोजायची, आणि सॅकची पाठ तेवढी जुळवायची. पट्टा पोटावर घ्यायचा नसतो. तो कमरेच्या हाडावर बसवून आधी आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. बरोबर बसला तर ओझ्याचा मोठा भाग कंबर पेलते, खांदे मोकळे राहतात. सॅक वापरायला काढली त्या संध्याकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये पहिल्यांदा त्या दगडावर बसलेल्या मुलीला सॅक चढवली. तिने पट्टा आवळला, दोन्ही अंगठे सवयीने खांद्याच्या पट्ट्यांखाली घातले, मग काढून घेतले. हात खाली सोडून हॉलभर एक चक्कर मारून आली. “काकू, यात काही घातलंय का नक्की?” तिने विचारलं. आत ५ किलो तांदूळ होते.

तो मुलगा दुसऱ्या वर्षी आला. आता अकरावीत आहे आणि निघायच्या आदल्या रात्री काटा त्याच्या ताब्यात असतो. रद्दीवाले काका तेवढ्यापुरता काटा देतात. तो जिन्याच्या कठड्याला अडकवला जातो आणि लहान मुलं एकामागून एक सॅक लटकवायला रांगेत उभी राहतात. वही त्याच्याकडे. हद्दीच्या वर काटा गेला की तो सॅक उघडायला लावतो, रागवत नाही, प्रत्येक वस्तू हातात घेऊन “हे कुणाकडे आधीच आहे का?” असं रांगेला विचारतो.

या डिसेंबरात एका पाचवीतल्या मुलाची सॅक हद्दीच्या चारशे ग्रॅम वर निघाली. आत स्टीलचा गोल डबा होता, झाकण घट्ट बसलेला. उघडला तर डिंकाचे लाडू. मुलगा रडवेला झाला. “आजीने केलेत. तिने सांगितलंय न्यायचेच.” काटा सांभाळणाऱ्या अकरावीतल्या मुलाने डबा पायरीवर ठेवला, घरातून कागदी पिशव्या मागवल्या आणि लाडू एकेक करून मोजत त्यांत भरले. रिकामा डबा मुलाच्या हातात देऊन म्हणाला, “हा आजीला परत दे जा.”

लाडू सव्वीस होते. आम्ही तेराजण.